रुग्णसाहाय्य केंद्र : उभारणीपूर्वी टाळावयाच्या चुका

खेड्यातील रुग्ण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात येतो तेव्हा तो दोन अडचणी बरोबर घेऊन येतो. पहिली अडचण आजाराची. तिच्यासाठी डॉक्टर व परिचारिका आहेत. दुसरी अडचण रुग्णालयाच्या व्यवस्थेची. केस पेपर कोठे काढावयाचा, रक्त तपासणीचा अहवाल कोणत्या खिडकीवर मिळतो, लिहून दिलेले औषध भांडारात नसेल तर काय करावयाचे, मोठ्या रुग्णालयात पाठविले तर वाहन कोण देणार, शिधापत्रिकेवर नाव नसेल तर योजनेचा लाभ मिळेल की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्याला ठाऊक नसतात. विचारण्याचे धैर्य होत नाही आणि विचारले तरी गर्दीच्या वेळी सविस्तर उत्तर मिळतेच असे नाही. परिणामी कित्येक रुग्ण उपचार अर्धवट टाकून घरी परततात किंवा जे विनामूल्य मिळावयास हवे त्यासाठी कर्ज काढतात.

ही दुसरी अडचण दूर करण्यासाठी रुग्णाच्या बाजूने उभा राहणारा जाणता माणूस रुग्णालयात असावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था सुरू झाली आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भारतातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. मोठ्या शासकीय रुग्णालयांत आज ‘समाजसेवा अधीक्षक’ हे पद आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर विस्तारलेल्या जीवनदायी आरोग्य योजनेने अंगीकृत रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसविले. हीच योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. याखेरीज अनेक गावांतून व शहरांतून ‘रुग्णमित्र’ म्हणून स्वेच्छेने काम करणारी माणसे आहेत.

तथापि असे रुग्णसाहाय्य केंद्र सुरू करणे जितके सोपे, तितके ते चालविणे सोपे नाही. उद्घाटन थाटात होते, फलक लागतो, टेबल व दोन खुर्च्या येतात. पण वर्ष उलटण्यापूर्वीच खुर्ची रिकामी राहू लागते. पैसा अपुरा पडला, हे कारण सहसा पुढे केले जाते. प्रत्यक्षात कारणे निराळी असतात. केंद्र कोणाचे, त्याने काय करावयाचे आणि त्याच्याकडे आलेली तक्रार शेवटी कोठे जाऊन थांबते, हे तीन प्रश्न प्रारंभी सोडविलेले नसतात. पंचायत समिती, ग्रामपंचायत, रुग्ण कल्याण समिती किंवा एखादी शाळा वा संस्था असे केंद्र सुरू करू इच्छीत असेल, तर या प्रश्नांचा विचार उद्घाटनापूर्वीच होणे आवश्यक आहे.

कामाची मर्यादा

पहिली व सर्वांत सामान्य चूक म्हणजे केंद्राच्या कामाला सीमा नसणे. ‘रुग्णांना सर्व प्रकारची मदत’ असे फलकावर लिहिले की सर्व प्रकारच्या अपेक्षा निर्माण होतात. कोणी रक्ताची बाटली मागतो, कोणी शस्त्रक्रियेसाठी पैसे मागतो, कोणी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लवकर काढून मागतो. पहिल्या महिन्यात दहा जणांना नकार मिळाला की केंद्र निरुपयोगी असल्याची बातमी बाजाराच्या दिवशी तालुकाभर पसरते.

केंद्राचे काम चार गोष्टींपुरते मर्यादित ठेवणे हिताचे ठरते. रुग्णाला माहिती देणे, गरज असेल तेथे त्याच्याबरोबर जाणे, कागदपत्रे व अर्ज पूर्ण करून देणे आणि तक्रार असल्यास ती योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवून उत्तर परत आणणे, अशी ही चार कामे होत. काय करावयाचे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलेले असावे. रुग्णमित्राने औषध सुचवू नये, डॉक्टरांच्या निदानावर मत देऊ नये, अमुक खाजगी दवाखान्यात जा असे सांगू नये आणि कोणत्याही कारणाने रोख रक्कम हाताळू नये. डॉक्टरांनी सांगितलेले रुग्णाला समजले नसेल, तर रुग्णमित्राने स्वतः अर्थ सांगत बसण्याऐवजी त्याला पुन्हा डॉक्टरांसमोर नेऊन प्रश्न विचारण्यास मदत करावी. या एका नियमाने पुढचे अनेक तंटे टळतात.

रुग्णमित्र कोणाचा ?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. रुग्णमित्र हा रुग्णाचा प्रतिनिधी की रुग्णालयाचा ? समाजसेवा अधीक्षक रुग्णालयाच्या आस्थापनेवर असतो. आरोग्यमित्र योजनेच्या अंमलबजावणीसाठी असतो आणि योजनेबाहेरच्या आजाराचा रुग्ण त्याच्या कक्षेत येत नाही. ‘आशा’ कार्यकर्ती आरोग्य विभागाशी जोडलेली असते व तिच्यावर गावातील इतर कामांचा भार असतो. ही सर्व मंडळी उपयुक्त आहेत आणि केंद्राने त्यांच्याशी सहकार्य ठेवलेच पाहिजे. परंतु ज्याच्या सेवेबद्दल तक्रार करावयाची, त्याच्याच हाती रुग्णमित्राचे मानधन व मुदतवाढ असेल, तर तक्रार लिहिताना लेखणी अडखळते, हा मनुष्यस्वभाव आहे.

या संदर्भात रुग्ण कल्याण समितीचे उदाहरण बोलके आहे. या समित्यांची कल्पना १९९४ नंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या सुधारणेतून पुढे आली आणि २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. स्थानिक लोकप्रतिनिधींना रुग्णालयाच्या कारभारात स्थान मिळावे, हा तिचा एक हेतू होता. ज्या ठिकाणी या समितीच्या बैठकीत केवळ खर्चाला मंजुरी देण्यात येते, तेथे रुग्णाचा प्रश्न विषयपत्रिकेवर येतच नाही. म्हणून समिती अस्तित्वात आहे एवढ्यावर समाधान न मानता तिच्या प्रत्येक बैठकीत ‘साहाय्य केंद्राकडील तक्रारी व त्यांवरील कार्यवाही’ हा विषय कायमचा ठेवण्यात यावा.

रुग्णमित्राची निवड व मानधन रुग्णालयाबाहेरील यंत्रणेकडे, म्हणजे पंचायत समितीकडे किंवा स्थानिक संस्थेकडे, असणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. मात्र रुग्णालयाबाहेरचा माणूस परवानगीवाचून वॉर्डात फिरू शकत नाही. त्यासाठी वैद्यकीय अधीक्षक व केंद्र चालविणारी यंत्रणा यांच्यात लेखी करार असावा. बसण्याची जागा, वॉर्डात जाण्याच्या वेळा, ओळखपत्र, माहिती कोणी द्यावयाची व किती दिवसांत, या गोष्टी त्यात नमूद कराव्यात. करार तोंडी असेल तर अधीक्षकांची बदली होताच केंद्राचे टेबल व्हरांड्यात येते.

माहिती अचूक हवी

चुकीची माहिती देणारे केंद्र नसलेल्या केंद्रापेक्षा अधिक हानी करते. आरोग्यविषयक नियम व योजना वारंवार बदलतात आणि जुनी माहितीपत्रके भिंतीवर तशीच राहतात. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून विनामूल्य करण्यात आले. हा निर्णय त्या विभागाच्या रुग्णालयांना लागू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची व महानगरपालिकांची रुग्णालये निराळ्या यंत्रणांखाली येतात. ‘सर्व सरकारी दवाखाने फुकट’ असे सरसकट सांगून रुग्णाला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठविले आणि तेथे शुल्क मागण्यात आले, तर त्या रुग्णाचा केंद्रावर पुन्हा विश्वास बसणार नाही.

रुग्णमित्राला काही गोष्टी तोंडपाठ असल्या पाहिजेत. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, मग ती शस्त्रक्रियेने का होईना, तसेच औषधे, तपासण्या, रक्त, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. आजारी नवजात बालकालाही ही सेवा लागू आहे. राज्यातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा शासनाकडून वेळोवेळी सुधारण्यात येते, म्हणून ती दर वेळी पडताळून पाहावी. २००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. शुश्रूषागृह नोंदणीविषयक नियमांत राज्याने २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार खाजगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले.

या माहितीचे एकच पान तयार करावे व त्यावर ती कोणत्या तारखेस तपासली हे लिहावे. दर तीन महिन्यांनी ते पान तालुका आरोग्य अधिकारी किंवा समाजसेवा अधीक्षक यांच्याकडून तपासून घ्यावे. तारीख नसलेला कागद भिंतीवर लावू नये, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ होईल.

तक्रार कोठे जाते ?

बहुतेक केंद्रे येथे कोलमडतात. तक्रारपेटी लावली जाते, तक्रारी येतात, त्या कोणीतरी वाचतो आणि नंतर काय झाले हे तक्रारदाराला कधीच कळत नाही. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही. काही महिन्यांनी पेटी रिकामी राहते आणि ‘तक्रारी नाहीत’ असा अहवाल वर जातो.

तक्रारीचा मार्ग पायऱ्यापायऱ्यांनी ठरवून द्यावा व प्रत्येक पायरीला मुदत असावी. पहिली पायरी तोंडी आणि त्याच दिवशीची. वॉर्डातील परिचारिका किंवा उपस्थित डॉक्टर यांच्याशी बोलूनच निम्म्याहून अधिक गोष्टी सुटण्यासारख्या असतात. तेथे न सुटल्यास वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. त्यानंतर रुग्ण कल्याण समिती. त्याही पुढे जावे लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राबाबत जिल्हा आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाबाबत जिल्हा शल्य चिकित्सक, हा फरक रुग्णमित्राला ठाऊक हवा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली माहिती सामान्यतः ३० दिवसांत मिळावयास हवी. मात्र ती व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी संबंधित असल्यास ४८ तासांची मुदत आहे.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण त्याची मर्यादा समजावून सांगितली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते ती रुग्णालये त्या कक्षेबाहेर ठेवली. ‘ग्राहक न्यायालयात खेचू’ ही धमकी ग्रामीण रुग्णालयात देणारा रुग्णमित्र स्वतःचेच अज्ञान प्रकट करतो.

अनेक तक्रारी एकाच स्वरूपाच्या असतील, तर त्या एकेकट्या सोडविण्यापेक्षा एकत्र मांडणे परिणामकारक होते. लोकाधारित देखरेखीच्या कामात गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राला चांगले, मध्यम व वाईट असे रंगांनी दर्शविणारे प्रगतिपुस्तक तयार केले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवले. निरक्षर माणसालाही लाल रंगाचा अर्थ समजतो. या पद्धतीचे खरे बळ आणखी एका गोष्टीत आहे. अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर दिलेले उत्तर नोंदले जाते व पुढील सुनावणीत तेच पुन्हा विचारता येते.

रात्रीची वेळ

केंद्र सकाळी दहा ते सायंकाळी पाच उघडे असते आणि अपघात, सर्पदंश व अडलेली प्रसूती ही संकटे वेळ पाहून येत नाहीत. १९९२ च्या जुलै महिन्यात पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठविले. शेवटी खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. या प्रकरणी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देववली आणि वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग होय, असे ठरविले. त्यापूर्वी १९८९ मध्येच, जखमी माणसाचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत, असा निर्णय त्या न्यायालयाने दिला होता.

निर्णय झाला म्हणजे रात्री दोन वाजता दार उघडतेच असे नाही. त्यासाठी फोन उचलणारा माणूस लागतो. प्रत्येक केंद्राने रात्रीच्या वेळी कोणाला फोन करावयाचा त्यांची नावे पाळीनुसार ठरवावीत आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेबरोबरच हा क्रमांकही ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. दिवसा उघडे राहणारे सुसज्ज कार्यालय आणि रात्री उचलला जाणारा साधा फोन यांतून एकच निवडावयाचे झाले, तर फोनची निवड करावी.

डॉक्टरांशी वैर नको

रुग्णाची बाजू घेणे म्हणजे डॉक्टरांविरुद्ध उभे राहणे, असा समज झाला की केंद्र अल्पायुषी ठरते. औषध नाही याचे कारण डॉक्टर नसून पुरवठा असतो; प्रसूतीसाठी पुढे पाठविले याचे कारण भूलतज्ज्ञाचे रिक्त पद असते. व्यक्तीचा दोष व व्यवस्थेची उणीव यांत फरक करणे, हे रुग्णमित्राचे महत्त्वाचे कौशल्य होय. रिक्त पदाची तक्रार योग्य स्तरावर गेली, तर तेथील डॉक्टरांचेही ओझे हलके होते व ते केंद्राकडे सहकारी म्हणून पाहू लागतात.

वाद विकोपास गेल्यास जमाव जमविणे, आरडाओरड करणे किंवा चित्रफीत काढून पसरविणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. वैद्यकीय व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचारास प्रतिबंध करणारा कायदा राज्यात २०१० पासून आहे आणि त्याखालील गुन्हा अजामीनपात्र आहे. शिवाय दंगा झाला की मूळ तक्रार मागे पडते व चर्चा दंग्याचीच होते. चांगल्या सेवेचीही नोंद ठेवावी. एखाद्या परिचारिकेने रात्रभर जागून बाळ वाचविले, तर ते समितीच्या बैठकीत सांगितले जावे.

गोपनीयता व प्रलोभन

खेड्यात बातमी लपत नाही. क्षयरोग, एच.आय.व्ही.ची बाधा, मानसिक आजार, गर्भपात या गोष्टी उघड झाल्यास त्या माणसाचे गावातील जगणे कठीण होते. केंद्राची नोंदवही टेबलावर उघडी असू नये. ग्रामसभेत अहवाल वाचताना नावे वाचू नयेत; लहान गावात तर नाव वगळले तरी आजार व वाडी सांगितल्याने ओळख पटते, हेही ध्यानात ठेवावे. रुग्णाच्या वतीने कागद मागण्यापूर्वी वा तक्रार करण्यापूर्वी त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. स्त्री-रुग्णाच्या बाबतीत पतीची वा सासूची संमती पुरेशी मानू नये. तिचे म्हणणे तिच्याकडूनच ऐकावे.

दुसरे संकट प्रलोभनाचे. रुग्ण कोणत्या दवाखान्यात, कोणत्या लॅबमध्ये, कोणत्या रुग्णवाहिकेतून जातो यात कोणाचा तरी नफा असतो. रुग्णमित्राच्या हाती ही निवड आली की दलाली त्याच्या दारी येते. रोख न हाताळण्याचा नियम, कोणत्याही खाजगी संस्थेचे नाव न सुचविण्याचा नियम आणि वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे हिशेब, हे तीन अडसर यासाठी आवश्यक आहेत. निवडणुकीच्या काळात केंद्राच्या फलकावर कोणाचेही छायाचित्र असू नये. मदत मिळालेल्या रुग्णाला मंचावर बोलावून त्याचा सत्कार घडवून आणणे, ही मदतीची किंमत वसूल करण्यासारखेच आहे.

निवड, भाषा व शिक्षण

निवड करताना शिक्षणाच्या पदवीपेक्षा भाषा व स्वभाव पाहावा. धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू, धडगाव व अक्कलकुवा भागांत भिली व पावरी, भामरागडमध्ये माडिया ही लोकांची घरची बोली आहे. तेथील वृद्ध स्त्रीला प्रमाण मराठीतील सूचना परक्या भाषेइतक्याच दुर्बोध वाटतात. बाळाला औषध दिवसातून तीन वेळा द्यावयाचे की तीन दिवस द्यावयाचे, एवढा एक गैरसमज जिवावर बेतू शकतो. अशा ठिकाणी त्या भाषेतील रुग्णमित्र असणे ही सवलत नव्हे, ती उपचाराचीच गरज होय. दोन रुग्णमित्रांपैकी एक स्त्री असावी. एकट्याच्या खांद्यावर केंद्र टाकू नये. तो आजारी पडला किंवा गावी गेला की केंद्र बंद पडते.

प्रशिक्षणात व्याख्यानांपेक्षा प्रसंगांना अधिक वेळ द्यावा. एक प्रसंग घेता येईल. ऊसतोडणीहून परतलेल्या मजुराची पत्नी ग्रामीण रुग्णालयात दाखल आहे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असून बाहेरून औषधे आणण्याची चिठ्ठी मिळाली आहे. शिधापत्रिका साखर कारखान्याच्या गावी राहिली आहे. येथे रुग्णमित्राने प्रथम औषधभांडारात ते औषध किंवा त्याच घटकाचे दुसरे औषध आहे का, हे विचारावे. नसल्यास स्थानिक खरेदीतून ते मिळविण्याची विनंती अधीक्षकांना करावी. बाळंतिणीच्या मोफत सेवेसाठी शिधापत्रिका नाही म्हणून अडविले जात असेल, तर ती अट नाही हे नम्रपणे दाखवून द्यावे. औषध तातडीचे असल्याने नातेवाइकाने ते विकत आणलेच, तर पावती जपून ठेवावयास सांगावी व परताव्याचा अर्ज त्याच दिवशी लिहून द्यावा. या प्रसंगात कोठेही भांडण नाही, कायद्याचे कलम मोठ्याने म्हणावे लागत नाही; पण मजुराचे पैसे वाचतात व बाळंतिणीला वेळेवर औषध मिळते.

मोजमाप कशाचे ?

‘या महिन्यात ४०० रुग्णांनी केंद्राला भेट दिली’ या वाक्यावरून केंद्राचे काम कळत नाही. भेटी मोजणे सोपे असते म्हणून त्याच मोजल्या जातात. नोंदवहीत पाच रकाने पुरेसे आहेत : रुग्णाची अडचण, ती कोणाकडे नेली, कोणत्या तारखेस, काय उत्तर मिळाले, आणि ते उत्तर रुग्णाला कळविले किंवा कसे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा होय व तोच बहुधा रिकामा राहतो. महिन्याच्या शेवटी तो किती ओळींत रिकामा आहे एवढे मोजले, तरी केंद्राची प्रकृती समजून येते. तीच ती अडचण पुनःपुन्हा येत असेल, तर ती रुग्णाची अडचण राहिलेली नसून रुग्णालयाची झाली आहे, असे समजून समितीपुढे न्यावी.

प्रारंभ कसा करावा ?

वरील विवेचनावरून कामाचा क्रम सुचतो. पहिल्या महिन्यात उद्घाटन न करता रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून रुग्णांच्या अडचणींची नोंद घ्यावी. दुसऱ्या महिन्यात अधीक्षकांशी लेखी करार व माहितीचे पान तयार करावे. तिसऱ्या महिन्यात दोघा रुग्णमित्रांचे प्रशिक्षण आणि रात्रीच्या फोनची व्यवस्था करावी. त्यानंतर एकाच रुग्णालयात काम सुरू करून सहा महिने ते चालवावे. फलक त्यानंतर लावला तरी चालेल. एका ठिकाणचे काम स्थिर होण्यापूर्वी तालुकाभर शाखा उघडण्याचा मोह टाळावा.

या कामी गावपातळीवरील मंडळींचा वाटा मोठा आहे. शिक्षकांना शाळेच्या परिपाठात रुग्णांचे हक्क व १०८ क्रमांक सांगता येईल. घरी वाचता येणारे एक मूल असले तरी डिस्चार्ज कार्डावरील पुढच्या तपासणीची तारीख चुकत नाही. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने मोठ्या रुग्णालयात पाठविलेल्या रुग्णाची परत आल्यावर चौकशी करावी. पंचायत सदस्यांनी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला केवळ सहीपुरते न जाता उत्तर न मिळालेल्या तक्रारींची संख्या विचारावी. अधिकाऱ्यांनी साहाय्य केंद्राकडे आपल्या कारभारावरील शंका म्हणून पाहू नये. ज्या उणिवा त्यांच्यापर्यंत एरवी पोहोचत नाहीत, त्या येथून त्यांना वेळेवर कळू शकतात.

रुग्णालयाची इमारत, यंत्रसामग्री व औषधे यांवर शासन मोठा खर्च करते. खिडकीसमोर गोंधळून उभ्या असलेल्या माणसाला त्या खर्चाचा लाभ मिळतो की नाही, हे पुष्कळदा एका जाणत्या सोबत्यावर अवलंबून असते. तो सोबती नेमताना त्याचे काम, त्याचे उत्तरदायित्व आणि त्याच्या तक्रारीचा मार्ग या तीन गोष्टी आधी निश्चित झाल्या, तर केंद्राची खुर्ची वर्षअखेरीसही भरलेली राहील.